एकाच पायातला बूट

"काढ तो! आधी पायातून काढ, मग काय बोलायचं ते बोल!"

"आई, हा बाहेरचा बूट नाही. घरातलाच आहे. जमिनीला अजून लागलेलासुद्धा नाही. नवा कोरा आहे."

"नवा कोरा आहे म्हणूनच सांगतेय! जुना असता तर चिखल झाला म्हणून ओरडले असते आणि गप्प बसले असते. नवा बूट तातामीच्या चटईवर उभं राहून कोण चढवतं, कधी चढवतं, माहीत नाही तुला? उभा जन्म गेला ना या घरात?"

मिसाओ पूर्वजांच्या देव्हाऱ्यासमोर उभी होती. हातात वाफाळत्या भाताची इवली वाटी, नैवेद्याची. डाव्या पायात नुसता मोजा आणि उजव्या पायात राखाडी रंगाचा, बुचाच्या जाड तळव्याचा बूट. एकाच पायात. अर्धं माणूस घरात आहे आणि अर्धं बाहेर पडायला निघालंय, असं काहीतरी ते दिसत होतं. तिचं तिलाही ते बरं वाटत नव्हतं.

सासूबाई, शिगे, देव्हाऱ्याच्या खोलीतच झोपत. नव्वदीला टेकल्या होत्या, पण आवाज अजून गिऱ्हाइकाला रस्त्यापलीकडून बोलावेल असा. अंथरुणातून अर्ध्या उठून त्या सुनेच्या पायाकडे बोट दाखवत होत्या. पलीकडच्या खोलीत मिसाओच्या नवऱ्याने, तात्सुओने, वर्तमानपत्राचं पान उलटलं. ते पान त्याने मघाशीच वाचलं होतं.

"आजी, डॉक्टरांनी सांगितलंय," स्वयंपाकघरातून मुलगी बोलली. रित्सुको, घटस्फोट घेऊन दोन वर्षांपूर्वी माहेरी परतलेली. "उठल्यापासून झोपेपर्यंत घालायचा. औषधच आहे ते."

"औषध तोंडाने घेतात."

"मग काय, आईने बूट खायचा?"

"हस, हस तू. मिसाओ, मला एवढंच सांग, कुणाला न्यायला आलीयस? या घरात जायच्या तयारीत असलेली मी एकटीच आहे."

मिसाओने वाटी देव्हाऱ्यात ठेवली, भिंतीला हात लावून वाकली, तेही जेवढं वाकायची डॉक्टरांची परवानगी होती तेवढंच, आणि बूट काढला.

त्या खाडीकाठच्या गावांत माणूस गेलं की त्याला पुढच्या दाराने नेत नसत. मुलगे-पुतणे बैठकीच्या खोलीत, तातामीवर उभं राहूनच, गवताच्या नव्या सपाता पायांत बांधत, पेटी उचलत आणि तिथूनच ओसरीवरून थेट अंगणात उतरत. सपाता स्मशानातच सोडून यायच्या. जन्मात तेवढ्या एकाच वेळी पादत्राण तातामीला लागायचं. हल्ली काळी गाडी येते, काळ्या सुटातली माणसं येतात, सपाता कुणी बांधत नाही. पण नवे बूट दुकानातून आणले तर ते घरात पायात घालून बघायचे नाहीत, उंबऱ्याबाहेर जाऊनच घालायचे, हे आजही घराघरात पाळतात. का, असं पोरांनी विचारलं तर आया 'नसतं घालायचं' एवढंच म्हणतात. अगदीच अडलं तर तळव्याला भांड्याच्या बुडाची काजळी फासायची, म्हणजे तो बूट नवा राहत नाही आणि त्याला न्यायला कुणी सापडत नाही.

मिसाओला हे सगळं ठाऊक होतं. तिच्या माहेरी, वर डोंगरात, याहून कडक पाळत.

त्या डोंगरातच तिचा पाय बिघडला. आई शेतात जायची, तेव्हा तान्ह्या मुलीचे पाय सरळ वाढावेत म्हणून फडक्याने घट्ट बांधून तिला गवताच्या खोल टोपलीत बसवून जायची. सगळ्याच आया तसं करत. मिसाओचा डावा खुबा त्यात खोबणीतून सरकला, आणि ती चालायला लागली तेव्हा कुठे लोकांच्या ध्यानात आलं की मुलगी एका बाजूला कलते. शाळेत तिला बदक म्हणत. खेळांच्या दिवशी ती सगळ्यांचे बूट राखत बसे.

लग्नाच्या वेळी मध्यस्थाने तिचा बसलेला फोटो पाठवला होता. शिगे फोटो बघून समाधान मानणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या स्वतः बस धरून डोंगर चढून आल्या, पोरीला अंगणात चालायला लावलं, मग तिचे हात हातात घेऊन उलटेपालटे करून पाहिले. "माशाचा लगदा घोटायला हात लागतात," त्या म्हणाल्या. "पाय काय, फळीपाशी उभं राहण्यापुरते असले की झालं." घरचं दुकान कामाबोकोचं, म्हणजे माशाच्या लगद्याच्या वाफवलेल्या वड्यांचं. लग्नाकार्याला लागणारा लगद्याचा रंगीत मासा घडवण्यात मिसाओचा हात पुढे असा बसला की आसपासच्या तिन्ही बंदरांतली मागणी तिच्याकडे यायची. एकदा एका ठोक व्यापाऱ्याने दुकानात तिच्या चालीची नक्कल केली. शिगेंनी मासे धुतलेल्या बर्फाच्या पाण्याची बादली त्याच्या पॉलिश केलेल्या बुटांवर उपडी केली आणि म्हणाल्या, "अगं बाई, घसरला वाटतं पाय तुमचा?" तो परत कधी हसला नाही.

आणि तात्सुओ. तो बोलायचा नाही. मिसाओने नवे रबरी बूट आणले की दुसऱ्या दिवशी सकाळी डाव्या बुटाखाली टायरचा जाड तुकडा चिकटवलेला असायचा. कधी कापला, कधी चिकटवला, तिने विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

असं सगळं आयुष्य तिने एका बाजूला कलून नीट पार पाडलं. मग खुबा झिजला. गेल्या हिवाळ्यात वाफेच्या चुलीपासून फळीपर्यंत जाताना तिचे डोळे पाण्याने भरायला लागले, म्हणून यंदा शरदात शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेऊन तो बदलला. धातूचा दांडा, चिनीमातीसारखा पांढरा गोळा. डॉक्टर तरुण, मोकळा माणूस. म्हणाला, "दुखणं गेलं समजा. पाय आता जवळजवळ सारखे आहेत. डावा किंचित लांब झालाय. तुमच्या कंबरेला साठ वर्षांची सवय आहे, तिला खरं वाटायला वेळ लागेल. त्यात हाड किती आणि सवय किती, ते वर्षभराने सांगेन. तोवर उजव्या पायाखाली बुचाचे थर. जसं जमेल तसा एकेक थर उतरवू."

दुखणं खरंच गेलं. पण पलंगावरून उतरून उभी राहिली आणि मिसाओला वाटलं, उजव्या बाजूची जमीन खचली आहे. जन्मभर जो पाय आखूड तोच लांब झाला होता. जन्मभराचा चांगला पाय खड्ड्यात पडला होता.

घरी आल्या दिवशी तिने दुकानात जायला आपले नेहमीचे रबरी बूट चढवले, डाव्याखाली टायर असलेले. पहिल्याच पावलाला ती एका बाजूला कलंडली. वाफेची टाकी हाताशी होती म्हणून वाचली, तळहात मात्र भाजला. त्या दुपारी तात्सुओ अंगणात सुरी घेऊन बसला आणि तिच्या सगळ्या डाव्या बुटांखालचे टायरचे तुकडे कापून काढले. मग उजव्याला चिकटवायला घेतले. संध्याकाळी पाहतात तर पहिला तुकडा परत डाव्यालाच लावलेला. हाताने सवयीने लावला होता. तो कितीतरी वेळ त्या बुटाकडे बघत बसला.

तर आता असं झालं. दुकानात, ओल्या फरशीवर, उंच केलेल्या उजव्या बुटात ती सरळ उभी राही. मासा हातात घेतला की जगात काही वाकडं नाही असं वाटे. संध्याकाळी दुकानामागच्या पायरीवर बूट काढून घरात पाऊल टाकलं की घर एका बाजूला कलंडे. म्हणून इस्पितळातल्या बाईंनी घरात घालायला तो राखाडी बूट दिला होता. "आजकाल सगळ्यांकडे लाकडी जमीन असते, काही अडत नाही," त्या हसून म्हणाल्या होत्या.

मिसाओकडे पाचही खोल्यांत तातामी होती.

त्या भांडणानंतर बूट खोक्यात गेला. मिसाओ घरात उजव्या पायाच्या चवड्यावर चालायला लागली. आधी गुडघा सुजला, मग पाठ धरली. आणि कुठेही वळताना डाव्या खुब्यातून एक आवाज यायला लागला. टक. दाराची कडी नीट न बसता नुसती टेकल्यासारखा. बाहेर कुणाला ऐकू येत नसे. तिला येई.

शिगेंना वेगळंच काही ऐकू येत होतं. इतकी वर्षं सून घरात कुठे आहे ते त्यांना पावलांवरून कळायचं, एक जड, एक ओढलेलं. आता नव्या पायाची चाल निराळी होती. संध्याकाळी अंधारून आलं आणि मिसाओ देव्हाऱ्याच्या खोलीकडे यायला लागली की आतून आवाज यायचा.

"कोण?"

"मी, आई."

"मी कोण?"

"मिसाओ."

"तुझी चाल नाही ही." मग जरा थांबून, "पाय सरळ करायला गेलीस आणि घर वाकडं करून आलीस. जुना पाय निदान ओळखीचा तरी होता."

त्याच आठवड्यात चियोनोचा फोन आला. इस्पितळात शेजारच्या खाटेवर होती, पोस्टातून निवृत्त झालेली, भारी बडबडी बाई. या वेळी तिचा आवाज बारीक होता. घरात चटईच्या काठाला चवडा अडला, तोल सावरायला गेली आणि खुबा निखळला. "मोडलं काही नाही गं," ती म्हणाली. "नुसता बाहेर आला. पण मी खाली पाहिलं ना, मिसाओसान, तर माझा स्वतःचा पाय भलतीकडेच बघत होता. परत कापणार आहेत. तू चवड्यावर चालू नकोस हं. मी तशीच चालत होते."

मिसाओने फोन ठेवला आणि खोकं उघडलं.

तोडगा रित्सुकोने काढला. तिने बूट घेतला, उलटा केला आणि दुकानात भाव लिहायच्या जाड काळ्या पेनने अख्खा तळवा काळा करून टाकला. मग तो नेऊन आजीसमोर धरला.

"हे बघ, झाला जुना."

"ही काय काजळी आहे?"

"आपल्याकडे गॅस आहे, आजी. काजळी कुठून आणू? काळं ते काळं."

"फसवायचं तर मला फसव. ज्याला फसवायचं त्याला वास कळतो."

"त्याला पेनाचा वास आवडत असेल."

शिगे कूस बदलून भिंतीकडे वळल्या. सगळ्यांना वाटलं, पटलं.

बूट घरात फिरायला लागला. मिसाओची पाठ दोनच दिवसांत मोकळी झाली, टक आवाज बंद झाला. त्याच सुमारास एका दुपारी खाडीवर हिवाळ्यातला पहिला ढगांचा गडगडाट झाला. तो झाला की मोठे मासे किनाऱ्याला येतात, म्हणून बंदरात लोक खूश होते. शिगेंनी मात्र बोलावणं आल्यागत चॉपस्टिक खाली ठेवल्या, त्या पुन्हा उचलल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी रित्सुकोला कपाटातून शेवटच्या प्रवासाचा पांढरा किमोनो काढायला लावला आणि ओसरीवर वाळत घातला. त्यानंतर सर्दी झाली, सर्दीचा ताप झाला. गावातला डॉक्टर म्हणाला, साधंच आहे, पण या वयात साधं असं काही नसतं.

मिसाओ पाणी घेऊन जायची, औषध घेऊन जायची. तातामीवर तिची पावलं वाजायची, एक बुटाचं, एक मोज्याचं. टप, सस्. टप, सस्. खोलीच्या दाराशी ती पोचेपर्यंत शिगेंनी पांघरूण नाकापर्यंत ओढलेलं असायचं. वर फक्त डोळे, ते बुटावर.

"आई, मीच आहे."

"येताना तूच असतेस," शिगे म्हणाल्या. "जाताना कोण असतं ते बघतेय."

त्या दिवशी दुकानात लगदा घोटता घोटता तात्सुओ खाली मान घालून म्हणाला, "थोडे दिवस काढून ठेव ना."

"किती?"

"आई बरी होईपर्यंत."

"आणि नाही झाल्या तर?"

"तर मग... मग काढायचा प्रश्नच नाही." आपण काय बोललो ते त्याला मागाहून कळलं. त्याचा हात फळीवर थांबला. मिसाओने मीठ पुढे सरकवलं.

तिने बूट काढून कपाटाच्या वरच्या खणात टाकला. दुसऱ्या सकाळी शिगेंनी पेज मागितली, खारवलेलं आंबट उमेबोशी फळ घालून. संध्याकाळी ताप उतरला. तिसऱ्या दिवशी त्या उठून बसल्या आणि म्हणाल्या, "मासे आले का बंदरात? या वर्षी भाव काय?"

तेव्हापासून घरातलं सगळं बदललं, आणि ते कुणी बोलून दाखवलं नाही. रित्सुको आजीची थट्टा करेनाशी झाली. कपाटात काही ठेवायचं असलं की ती खालच्याच खणात ठेवायची. तात्सुओ जाता-येता एकदा वर बघून घ्यायचा. खुद्द मिसाओला त्या कपाटासमोरून जाताना मानेवर गार काहीतरी जाणवायचं. असं काही नसतं, हे तिला चांगलं माहीत होतं. सर्दी होती, उतरली. पण माहीत असणं एकीकडे आणि पहाटे डोळा उघडल्यावर सासूबाईंच्या खोकल्याची वाट बघत पडणं एकीकडे. खोकला ऐकू आला की सुटका. आला नाही की ती मनातल्या मनात आपलेच पाय चाचपायची, आपण झोपेत बूट तर घातला नाही?

ती पुन्हा चवड्यावर चालत होती. टक परत आला होता.

वर्षअखेरीच्या गर्दीचे दिवस. सकाळपासून दुकानात उभं राहून ती दुपारी पेजेचं तबक घेऊन देव्हाऱ्याच्या खोलीत शिरली, आणि उजवा चवडा चटईच्या काठाला अडला. जोर सगळा डाव्यावर आला. तो पाय आत वळला. टक झाला नाही. या वेळी काहीतरी सरकलं, सावकाश, ओल्या फळीवरून मासा सरकतो तसं. तबक पांघरुणावर पडलं. मिसाओने खांब धरला. श्वास घेतला तरी पाय निघेल असं तिला वाटत होतं.

शिगे पेजेने भिजलेलं पांघरूण बाजूला सारून तिच्याकडे बघत होत्या.

"बस खाली."

"बसता येत नाही, आई."

"मग हलू नकोस."

आणि त्या अंथरुणातून निघाल्या. गुडघ्यांवर, हातांवर, रांगत सुनेच्या पायाशी आल्या. तिचं डावं पाऊल दोन्ही हातांत धरलं. आयुष्यभर माशाची हाडं उपसलेले ते हात, अजून पकड होती त्यांत. त्यांनी पाऊल घट्ट धरलं आणि हळूहळू, घाई न करता, बोटं पुढे आणली, टाच मागे नेली. आत काहीतरी जागेवर बसलं. मिसाओच्या कपाळावरून घाम ओघळून सासूच्या पांढऱ्या केसांत पडला.

"गार पडलाय पाय," शिगे म्हणाल्या. त्यांनी पाऊल सोडलं नाही. "अशी किती दिवस चालणार आहेस?"

"बूट असला की असं होत नाही, आई."

शिगे पावलावरून हात फिरवत राहिल्या.

"माझी बहीण होती, धाकटी," त्या म्हणाल्या. "सणाला नव्या लाकडी खडावा आणल्या होत्या वडिलांनी, लाल पट्ट्यांच्या. तिला दम निघेना. संध्याकाळी तातामीवर घालून नाचली. आईने रागवायच्या आधी मीच टाळ्या वाजवल्या होत्या. त्या खडावा तिने रस्त्यावर कधी घातल्या नाहीत." मग मान वर करून त्यांनी सुनेकडे पाहिलं. "तुझा पाय मी रोज असा धरून बसेन, हवं तर. पाणी आणायला रित्सुको आहे, पेज द्यायला तात्सुओ आहे. तू इकडे येऊच नकोस, हवं तर. पण बूट नको, मिसाओ. मला अजून एक नवं वर्ष बघायचंय."

एवढं साधं मागणं. म्हातारीच्या आवाजात हुकूम नव्हता, पहिल्यांदाच. त्यामुळेच मिसाओला जास्त भीती वाटली. हुकूम असता तर भांडता आलं असतं.

तात्सुओने येऊन तिला खुर्चीत बसवलं. त्या घरात ती एकच खुर्ची होती, इस्पितळातून आल्यावर आणलेली, कारण तिला जमिनीवर बसायची बंदी होती. रात्रीच्या जेवणाला बाकीचे पाय शेकायच्या बुटक्या मेजाभोवती जमिनीवर बसत आणि मिसाओ खुर्चीत, सगळ्यांच्या वर. वाढताना रित्सुकोला हात उंच करावा लागे. आपण या घरातल्या नाही, पाहुणे म्हणून येऊन बसलोय, असं तिला रोज वाटायचं. त्या रात्री वाटलं नाही. आज ती वरून सगळ्यांची डोकी बघत होती, नवऱ्याचा टक्कल पडत चाललेला माथा, मुलीचा भांग, आणि उघड्या सरकत्या दारातून दिसणारं पांघरूण, ज्याच्या आत सासूबाई जाग्या होत्या. त्यांनी आज दोन वाट्या भात खाल्ला होता.

दुपारी पायात काय सरकलं ते तिने तात्सुओला किंवा रित्सुकोला सांगितलं नव्हतं. सांगून उपयोग नव्हता. ते सांगितलं की तात्सुओ डॉक्टर म्हणेल, रित्सुको रडेल, आणि सासूबाई तरी तेच मागतील जे दुपारी मागितलं. चुकीचं कुणीच बोलणार नव्हतं. एका बाजूला तिचा पाय होता आणि दुसऱ्या बाजूला म्हातारीचं नवं वर्ष, आणि दोन्हींच्या मध्ये बुचाचे चार थर.

"आई, मासा घे ना," रित्सुको म्हणाली. "या हंगामातला पहिला आहे."

मिसाओने चॉपस्टिक वाटीवर आडव्या ठेवल्या.

"उद्या सकाळपासून मी बूट घालणार आहे," ती म्हणाली.

तात्सुओने चावणं थांबवलं. आतल्या खोलीकडे मान वळवून तो कुजबुजला, "हळू बोल. जागी आहे ती."

"म्हणूनच मोठ्याने सांगतेय. सगळ्या खोल्यांत घालणार. त्यांच्या खोलीतही. पेज मीच नेणार, औषधही मीच देणार. त्या जेवल्या तर जेवल्या, नाही जेवल्या तर नाही. बूट मी आता काढणार नाही."